रिकाम्या फ्लॅटमधलं पाणी

"वर कोणी राहत नाही ना आता? मग टपकतंय कसं?" खालच्या मजल्यावरच्या काकूंचा हा फोन मला एप्रिलमध्ये आला आणि माझ्या पोटात गोळा आला. भाडेकरूला जाऊन तीन आठवडे झाले होते. पाऊस नाही, वर नळ उघडणारं कोणी नाही, आणि काकूंच्या छतावरचा डाग वाढतच होता.

मी पुण्यात, कोथरूड-कर्वेनगर भागात, बाहेरगावी राहणाऱ्या मालकांचे फ्लॅट सांभाळते. भाडेकरू शोधणं हा या कामाचा सोपा भाग. कराराचंही आता फारसं काही उरलेलं नाही. ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये, आणि अंगठे घरबसल्या होतात. पण त्या नोंदणीकृत करारात न्हाणीघराची अवस्था कुठेच लिहिलेली नसते. घर सोडताना ती लिहिते मी, ताबा-पत्रकावर. डिपॉझिट किती परत जाणार, ते त्या एका कागदावर ठरतं.

या फ्लॅटच्या कागदावर मी लिहिलं होतं, "ॲसिडच्या वापरामुळे टाइल्सच्या फटी खराब, खाली गळती." भाडेकरू नांदेडचा तरुण मुलगा, आईसोबत राहायचा. आईंनी स्वतःच सांगितलं होतं, दिवाळीआधी एकदा ॲसिडने फरशी घासली. काही फटींतलं सिमेंट गेलेलं मला दिसत होतं, खाली ओल दिसत होती. मी दोन्हींची सांगड घातली. मालक सिंगापूरला, त्यांनी रंगाच्या पैशांशिवाय वॉटरप्रूफिंगचे १८,००० कापले. मुलगा वाद घालत होता. आई म्हणाल्या, "जाऊ दे रे, माझ्याच हातून झालंय." त्याने सही केली.

काकूंच्या फोननंतर मी आमच्या प्लंबरमामांना घेऊन गेले. त्यांनी आधी न्हाणीघराच्या जाळीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कपड्याचा बोळा घट्ट कोंबला, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं पाणी फरशीवर भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी आलो, तर पाणी रेघेलाच. चोवीस तासांत फरशीतून काही उतरलंच नव्हतं. ज्या फटींवर मी बोट ठेवलं होतं, त्या निर्दोष होत्या.

मग मामांनी गीझरची लाइन दोन्ही टोकांना प्लग लावून बंद केली आणि हातपंप जोडून पाच किलो प्रेशर दिलं. काटा आमच्यासमोर खाली येऊ लागला. दहा मिनिटांत दोनवर! कोपऱ्यातली एकच टाइल फोडली. आत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा एल्बो (वळणाचा जोड) आतून गंजून पापुद्र्यासारखा झालेला, त्याला सुईएवढं भोक. इमारत १९९६ची, पाइप तेव्हाचाच. गच्चीवरच्या टाकीचा दाब त्या लाइनवर अहोरात्र असतो, त्यामुळे घर रिकामं असलं तरी पाणी ठिबकत राहतं, फरशीखालच्या विटांच्या कोब्यात, म्हणजे भरावात मुरतं आणि काकूंकडे उतरतं. फरशीची गळती असती, तर वापर थांबल्यावर डाग वाळायला लागला असता. हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं हेच काम करतेय. तरीही कागदावर सही घेण्याआधी एक दिवस पाणी भरून बघितलं नाही, कारण महिनाअखेर होती आणि मला त्या दिवशी अजून दोन ताबे घ्यायचे होते.

मालकांना फोटो आणि व्हिडिओ पाठवले. पाइप बदलण्याचा खर्च त्यांनी लगेच दिला. डिपॉझिटचं विचारलं तर म्हणाले, "त्याने सही केलीय, हिशोब मिटलाय." चांगला माणूस आहे, सोसायटीचा मेंटेनन्स एक दिवस उशिरा भरत नाही. पण बहुतेक मालकांना डिपॉझिट हे आपलेच पैसे वाटायला लागतात, हे मी पुन्हा पुन्हा बघते. वॉटरप्रूफिंग तर झालंही नाही. त्याची गरजच नव्हती.

त्या महिन्याची माझी फी मी घेतली नाही, ती मुलाकडे वळती करायला सांगितली. १८,००० पुढे ती काहीच नाही. मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, हे तुम्हीच आईला सांगा," आणि फोन तिच्याकडे दिला.

मी सांगितलं. पाइप, काटा, पेन्सिलची रेघ, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "पैशाचं तो बघून घेईल, बाई. पण त्या कागदावर माझं नाव लागलंय ना, तेवढं काढा."

मी नवीन पत्रक करून मालकांना पाठवलंय, मामांनी लिहून दिलेल्या चार ओळी सोबत जोडून. आज अकरावा दिवस आहे. सही अजून आलेली नाही.