वजन काट्यावर कळतं, पण कधी?

“वजन काट्यावर करत्यात की दादा. रस्त्यावर कोण बघतंय?”

पेठ-सांगली रस्त्याला, आष्ट्याच्या अलीकडं उसाची जोड ट्रॉली, म्हणजे एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, कडेला थांबलेली. ड्रायव्हर विशीतलं पोरगं. मागच्या ट्रॉलीच्या हुकातली पिन निसटू नये म्हणून तिला तार पिळत होतं. मागं रिफ्लेक्टर नाही, साधं लाल फडकंही नाही.

त्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच की, आपल्याकडं उसाची प्रत्येक खेप साखर कारखान्याच्या काट्यावर काटेकोर मोजली जाते. पण ती बिलासाठी, आणि सगळा रस्ता तुडवून झाल्यावर!

जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पण टनावर पैसे मिळणारा माणूस कमी कसा भरेल? मला त्याचा राग नाही आला, काळजी वाटली. ट्रॉलीला बहुतेकदा स्वतःचा ब्रेक नसतो. उताराला मागचं सगळं ओझं ट्रॅक्टरलाच रेटतं. त्यात कधी उसावर तोडणीवाल्यांची बायकापोरंही बसलेली असतात.

काट्याच्या पावतीवर वजन आणि गाडी नंबर दोन्ही असतात. मग जादा भरलेल्या गाडीची पुढची खेप तिथंच का थांबवू नये?