नगर जिल्हा, जुन्या अंकांतून आणि पायी: पावसाळ्यानंतरची नोंद

मागच्या नोंदीतली एक चूक आधी दुरुस्त करतो. जुन्या वर्तमानपत्रातल्या एका बातमीतलं ‘बेलापूर’ मी ठाण्याकडचं समजलो आणि कात्रण बाजूला ठेवलं. ते आपलंच होतं, प्रवरेकाठचं. श्रीरामपूरचं रेल्वे स्टेशन कितीतरी वर्षं बेलापूर याच नावाने ओळखलं गेलं, हे माहीत असूनही डोळ्यांवरून गेलं. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्यामुळे त्यानंतरच्या अंकात बेलापूर, राहुरी अशी नावं मागोमाग आली, तर बातमी गाडीच्या वाटेवरची आहे का, हे मी आता आधी तपासतो. या मार्गाचं मातीकाम १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या माणसांनी केलं. नगरहून मनमाडकडे जाताना रुळांखालचा भराव दिसला की मला हेच आठवतं.

या चुकीमुळे एक काम मात्र मार्गी लागलं. वाचायला बसण्याआधी त्या काळातल्या जिल्ह्याचा नकाशा काढायला लागलो. नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये, म्हणून त्याआधीच्या मजकुरातला नगर जिल्हा आजच्यापेक्षा मोठा आणि नाशिककडचे बरेच तालुके धरून असतो. मी हे ध्यानात न घेता दोन महिने टिपणं काढली होती, ती सगळी पुन्हा तपासली. श्रीगोंदा हवं असेल तर चांभारगोंदे शोधा. शहराच्या नावासाठी अमदनगर, अहमदनगर, नुसतं नगर आणि २०२४ नंतरच्या मजकुरासाठी अहिल्यानगर, अशी चारही रूपं वापरा. स्कॅन केलेल्या अंकांत ‘गांव’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार देऊन शोधल्याशिवाय हाती फार काही लागत नाही. अंकावर नुसतं शालिवाहन शकाचं साल असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, पण पौष, माघ, फाल्गुन असेल तर बहुधा ७९. माझ्या वहीत आता चार रकाने आहेत: अंकाची तारीख, अंक कुठून निघाला, बातमीतलं ठिकाण आणि आज ते ठिकाण कुठे आहे. दुसरा रकाना मी बराच उशिरा घातला. आता सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच जातो.

त्या रकान्यामुळेच ‘ज्ञानोदय’कडे वळलो. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’ मुंबईत १८३२ मध्ये निघालं. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८४२ मध्ये, ‘ज्ञानोदय’ नगरमधून सुरू झालं. चालवणारं अमेरिकन मराठी मिशन, संपादक हेन्री बॅलंटाइन. १८४५ मध्ये ते मुंबईला गेलं, म्हणून बहुतेकांच्या मनात ते मुंबईचंच पत्र असतं. नगरचं जिल्हा वाचनालय मात्र १८३८ चं, म्हणजे पत्राच्याही आधीचं. एका रविवारी सकाळी तिथून निघून ह्यूम मेमोरियल चर्चपर्यंत चालत गेलो. याच शहरात सिंथिया फॅरार १८३९ पासून १८६२ मध्ये वारल्या तोपर्यंत मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतिराव फुल्यांनी इथली मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात आपली शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये छापला ‘ज्ञानोदय’नेच. नगरची शाळा, पुण्याची मुलगी, आणि नगरला जन्मून मुंबईला गेलेलं पत्र. हा फेरा मी कागदावर अनेकदा वाचला होता. पण त्या रस्त्याने चालताना तो निबंध फोनवर पुन्हा उघडला आणि मधेच थांबून शेवटपर्यंत वाचला.

दुसरं पत्र ‘दीनमित्र’. नेवासे तालुक्यातल्या तरवडीला दोनदा गेलो आणि तिसऱ्यांदाही जाणार आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये हे साप्ताहिक सुरू केलं आणि १९६७ मध्ये वारले तोवर चालवलं. सत्यशोधक विचाराचं आणि शेतकऱ्याची बाजू घेणारं पत्र, तेही खेड्यातून सत्तावन्न वर्षं! वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढलं होतं, तो वारसा खरा, पण पुण्यात पत्र चालवणं वेगळं आणि तरवडीत वेगळं. गावात मुकुंदरावांचं स्मारक आहे. तिथून बाहेर पडून शिवारात उभं राहिलो तेव्हा हे पत्र कुणासाठी होतं हे समोरच दिसत होतं. शहरातल्या पत्रांत गाव बहुधा दुष्काळ, पटकी किंवा दरोड्याच्या निमित्ताने येतं. इथे गावच संपादक आहे. माझ्या मते आपल्या जिल्ह्याचं सगळ्यात मोलाचं वृत्तपत्र हेच. ज्याला एकाच पत्रावर वेळ घालवायचा असेल त्याने यावर घालवावा.

१९१० या सालामुळे आणखी एक जोड दिसली. भंडारदऱ्याच्या धरणाचं बांधकामही त्याच वर्षी सुरू झालं आणि १९२६ च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे. प्रवरा रतनगडाच्या बाजूला उगम पावते, अकोले आणि संगमनेर ओलांडते आणि नेवाशावरून प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. वरच्या टोकाला भिंत चढत होती ती सोळा वर्षं खालच्या टोकाला ‘दीनमित्र’ निघत होता. म्हणून १९१० ते १९२६ एवढाच तुकडा घेऊन महिन्यागणिक तक्ता करतोय: एका बाजूला धरण आणि कालवे, दुसऱ्या बाजूला ‘दीनमित्र’चे अंक. पहिली तीन वर्षं भरून झाली.

दिवाळीनंतर प्रवरासंगमपासून उलट, नदीच्या वरच्या अंगाने निघणार आहे. पहिला मुक्काम नेवासे. तिथल्या ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाचं दर्शन घेऊन ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं, असं ठरलंय. कुणाला यायचं असेल तर वही आणि पेन्सिल घेऊन या. जुन्या अंकांच्या बांधीव फायली पाहायला मिळाल्या, तर तिथे शाईचं पेन चालत नाही.