आमची वाटचाल: धंद्यातली तिसरी व्यक्ती

पहिलं दीड वर्ष आमची फर्म म्हणजे मी, माझा पार्टनर आणि माझं सेव्हिंग खातं. पॅकिंग मशिन दुरुस्तीची कामं ओळखीतून यायची, पैसे माझ्या खात्यात जमा, त्यातूनच स्पेअर पार्ट आणि त्यातूनच घरचं लाईट बिल, हिशोब सगळा डोक्यात. रजिस्ट्रेशनचं जरा मोठं झाल्यावर बघू असं म्हणत दिवस ढकलले.

मग एका गिऱ्हाईकाने वर्षभराचा मेंटेनन्स करार द्यायचं ठरवलं आणि सहज विचारलं, कोणाच्या नावाने करायचा? आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. वकिलाकडे गेलो तर तो म्हणाला, कागद नसला तरी नफा वाटून घेताय ना, मग तुम्ही पार्टनरच, आणि उद्या एकाच्या हातून कोणाचं मशिन जळलं तर भरपाई दोघांच्या घरातून वसूल होऊ शकते. त्या रात्री झोप काही नीट लागली नाही.

लिमिटेड कंपनी, म्हणजे जिच्यात मालकांची जबाबदारी त्यांच्या शेअर्सपुरतीच असते, ती काढायचं तिथेच ठरलं. कंपनी ही वेगळी व्यक्ती म्हणजे काय हे समजवायला वकिलाने सॉलोमनची केस सांगितली. लंडनचा बूट बनवणारा माणूस, कंपनीच्या २०,००७ शेअर्सपैकी २०,००१ याचे, उरलेले सहा बायकोमुलांचे, आणि कंपनी बुडाल्यावर १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, निकाल दिला की कर्ज कंपनीचं, सॉलोमनचं नाही. पार्टनर म्हणाला, भारीच की! पण हे दोन्ही बाजूंनी लागू होतं हे कळायला आम्हाला अजून वर्ष गेलं. कंपनीचं कर्ज आपलं नाही तसा कंपनीचा पैसाही आपला नाही. मी सवयीने घरखर्चाला पैसे काढत राहिलो आणि वर्षाअखेरीला अकाउंटंटने ते सगळे माझ्या नावावर उसने म्हणून दाखवले. कंपनीकडून, म्हणजे स्वतःकडूनच, घेतलेलं कर्ज फेडत बसलो.

वर्कशॉपच्या जागेचा करार तर आम्ही कंपनी जन्माला यायच्या आधीच सही करून बसलो होतो, म्हणजे ती जबाबदारी आमचीच, कंपनीच्या नावाने नवा करार होईपर्यंत. आणि बँकेने कर्ज देताना दोघांची पर्सनल गॅरंटी, म्हणजे कंपनीने नाही फेडलं तर आम्ही फेडू अशी हमी, घेतली ती वेगळीच, तेव्हा लिमिटेड हा शब्द बँकेपुढे जरा कमीच लिमिटेड असतो.

कंपनीचं नाव दोनदा रिजेक्ट झालं, मिळतंजुळतं नाव आधीच होतं. ठीक आहे, तिसरं बरं निघालं.

सगळ्यात जास्त वेळ आणि भांडण झालं ते आमच्या दोघांमधल्या करारावर. अर्धे अर्धे शेअर म्हटलं की बरं वाटतं, पण वकिलाने विचारलं, दोघांचं पटलं नाही तर निर्णय कोण घेणार? एकजण सोडून गेला तर त्याच्या शेअरची किंमत कशी ठरणार? कोण मेलं तर? मित्राशी हे बोलायचं म्हणजे अवघडच, दोन आठवडे आम्ही धड बोलत नव्हतो. पण लिहून घेतलं, आणि पुढे एकदा खरंच अडलं तेव्हा तो कागद काढून वाचला आणि विषय संपला.

परवा पार्टनरच्या घरचा नळ गळत होता, तो कंपनीचा पाना घेऊन गेला, पण रजिस्टरमध्ये एन्ट्री करून. मी काही बोललो नाही, दुसऱ्या दिवशी पाना परत आलाय का ते मात्र बघितलं.