चित्रकलेच्या बाईंचा सन्मान करायचं ठरलं तेव्हा

शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि दोन भाषणं एवढ्यावर बाईंचा सत्कार उरकायचा नाही, हे आमचं पहिल्याच बैठकीत ठरलं. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाई. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पुण्याच्या पेठांमधल्या एका मराठी शाळेत पाचवी ते दहावीच्या मुलांना त्यांनी निवृत्त होईपर्यंत चित्रकला शिकवली. त्यांची पंच्याहत्तरी जवळ आली आणि आम्ही वेगवेगळ्या वर्षांचे विद्यार्थी एकत्र आलो. कुणा कलाशिक्षकाचा सन्मान करायचा तुमच्या मनात असेल, तर आम्हाला काय काय करावं लागलं ते उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यांच्या डोक्यात आधी शासनाचा पुरस्कार होता. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले शिक्षक गुणगौरव पुरस्कारात विशेष शिक्षकांचा एक गट असतो. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षकांना प्रत्येकी चाळीसच्या आसपास पुरस्कार असतात, आणि कला व क्रीडा या दोन्ही विषयांना मिळून अख्ख्या राज्यात दोन. हे वाचून मला फार वाईट वाटलं. एवढं मोठं राज्य, एवढ्या शाळा, आणि दोनच जागा, त्यातही चित्रकलेच्या बाई आणि पी.टी.चे सर एकाच रांगेत उभे. शिवाय हा पुरस्कार सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी तर २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. बाई नोकरीत असताना मुख्याध्यापकांनी त्यांना राज्य पुरस्कारासाठी प्रस्ताव द्या असं सुचवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. "माझं कौतुक मीच लिहून द्यायचं? ते मला जमायचं नाही," असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. त्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांचं असंच झालं असणार.

तो मार्ग बंद झाल्यावर आपणच प्रदर्शन भरवायचं आणि एक पुस्तिका काढायची असं ठरलं. त्यासाठी बाईंच्या कामाची माहिती हवी, म्हणून शाळेत गेलो. शाळेने आपुलकीने जुनी दप्तरं काढून दिली. पण त्यात सापडलं काय, तर नेमणुकीची तारीख, हजेरी, आणि ग्रेड परीक्षांच्या निकालाचे तक्ते. गॅदरिंगच्या फोटोंमध्ये मागचा पडदा दिसत होता, तो बाईंनी रंगवलेला. दर्शनी फळ्यावरची रंगीत खडूची चित्रं त्यांची, प्रमाणपत्रांवरची नावं त्यांच्या कट निबची, म्हणजे सुलेखनाच्या तिरक्या टोकाच्या टाकाची, प्रजासत्ताक दिनाची रांगोळी त्यांची. शाळेतल्या जुन्या मंडळींना बाई आठवतात त्या याच कामांमुळे. ती कामं मोलाची आहेतच, पण तो शाळेचा सजावट विभाग झाला. चाळीस मिनिटांच्या तासात साठ मुलांसमोर बाई काय करत होत्या, त्याची नोंद कुठेच नव्हती.

एकच आकडा हाती होता, ग्रेड परीक्षांचा. नव्या पिढीतल्या पालकांसाठी थोडं सांगते. कला संचालनालय शालेय मुलांच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन शासकीय रेखाकला परीक्षा घेतं. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र (समोरच्या वस्तू बघून), स्मरणचित्र (आठवणीतून), संकल्पचित्र (नक्षीची रचना) आणि भूमिती-अक्षरलेखन असे त्यांचे पेपर असतात. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला ७, बी मिळाली तर ५ आणि सी मिळाली तर ३ वाढीव गुण मिळतात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ज्याची ए नक्की त्यालाच परीक्षेला बसवण्याकडे कल असतो. बाईंच्या तक्त्यांमध्ये सी श्रेणीची भलीमोठी रांग होती. आमच्यातला एक जण म्हणाला, "हे तक्ते पुस्तिकेत नको, बरं दिसणार नाही." मी तिथे अडून बसले. कारण त्या रांगेत मी होते. माझा हात अजिबात चांगला नव्हता, आणि तरी बाईंनी मला फॉर्म भरायला लावला होता. "परीक्षा देशील तर वर्षभर रोज बघशील. मला तेवढंच हवंय," असं त्या म्हणाल्या होत्या. तक्ते छापले, आणि त्यांच्याखाली हे वाक्य छापलं.

मग खरं काम सुरू झालं, ते चित्रं गोळा करण्याचं. प्रत्येक बॅचच्या ग्रुपवर निरोप टाकला की शाळेतलं एखादं चित्र अजून जपलं असेल तर कळवा. मला वाटलं होतं, फार थोडी येतील. पण लोकांनी माळ्यावरच्या ट्रंकेतून, लग्नात माहेरून आणलेल्या पेटीतून, दिवाणाच्या खालून चित्रं काढली. सिंहगड रस्त्यावर दवाखाना असलेल्या एका दंतवैद्याने तर फ्रेम करून प्रतीक्षा कक्षात लावलेलं आपलं सातवीतलं वस्तुचित्र भिंतीवरून उतरवून दिलं. मंडईत भाजीचा गाळा असलेला आमचा एक वर्गमित्र प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद घेऊन आला आणि म्हणाला, "हे माझ्या आईने ठेवलं होतं."

चित्रांच्या अवस्थेबद्दल लिहायलाच हवं, कारण इथे घाई केली तर कायमचं नुकसान होतं. शाळेतली बहुतेक चित्रं कार्ट्रिज कागदावर पोस्टर कलरने केलेली असतात. वर्षानुवर्षं गुंडाळी करून ठेवलेला कागद एकदम उलगडला की जाड लावलेल्या रंगाचे पोपडे सुटतात. पुण्याच्या पावसाळ्यात दमट भिंतीला टेकलेल्या चित्रांवर बुरशीचे ठिपके आले होते. आम्हाला एका जुन्या फ्रेमवाल्या काकांनी शिकवलं ते असं : गुंडाळी हळूहळू, दोन-तीन दिवस घेऊन मोकळी करायची, कोऱ्या टिपकागदात ठेवून वर सपाट वजन ठेवायचं, ओलं फडकं अजिबात फिरवायचं नाही, बुरशी कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटकायची. लॅमिनेशन करायचं नाही, कितीही मोह झाला तरी. चिकटपट्टीही लावायची नाही. माउंट बोर्डवर कागदाचे कोपरे अडकवून चित्र बसवायचं, म्हणजे मालकाला परत देताना ते जसंच्या तसं निघतं. प्रत्येक चित्र ताब्यात घेताना नाव, इयत्ता आणि परत करायचा पत्ता वेगळ्या वहीत लिहिला आणि दोन्ही बाजू स्कॅन केल्या.

दोन्ही बाजू स्कॅन करायच्या हा आग्रह माझ्या मैत्रिणीचा. ती छपाईच्या धंद्यात आहे, तिची ती सवय. आणि त्यामुळेच आमच्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक चित्राच्या पाठीमागे खालच्या कोपऱ्यात, बारीक पेन्सिलने बाईंनी काहीतरी लिहिलं आहे. चित्रावर त्यांचा हात कुठेच नव्हता. मुलाच्या रेषेवर आपली रेष ओढून "असं काढ" असं त्यांनी कधी केलं नाही. जे सांगायचं ते मागे. एका घागरीच्या चित्रामागे होतं : "डावी कड पुन्हा बघ. घागर तुझ्याकडे झुकली आहे का?" एका स्मरणचित्रामागे : "मंडईत माणसं पाठमोरीही असतात." दुसऱ्या एकावर : "सावलीत निळा दिसला ना? मलाही दिसला." आणि आमच्या वर्गातल्या सगळ्यांत गुणी मुलाच्या अगदी सफाईदार चित्रामागे फक्त एवढंच : "आज घाई केलीस. का?"

मी त्या रात्री सगळ्या चित्रांच्या पाठी पुन्हा एकदा वाचल्या. शाबासकी फार थोड्या ठिकाणी होती, प्रश्न बहुतेक सगळ्या ठिकाणी. बाईंची सगळी कारकीर्द या पाठमोऱ्या बाजूंवर होती, आणि ती मुलांच्या घरी विखुरलेली असल्यामुळे शाळेच्या दप्तरात सापडणं शक्यच नव्हतं. त्याच दिवशी प्रदर्शनाचा आराखडा बदलला. निवडक चित्रं दोन पारदर्शक ॲक्रिलिकच्या पत्र्यांमध्ये बसवून मधोमध टांगायची, म्हणजे बघणाऱ्याला दोन्ही बाजूंनी फिरून बघता येईल. बाकीच्यांच्या पाठीचा फोटो चित्राशेजारी लावायचा.

जागेबद्दल दोन शब्द. बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन सगळ्यांना माहीत आहे, पण आम्हाला हवी ती तारीख तिथे मोकळी नव्हती. घोले रस्त्यावर नेहरू सांस्कृतिक भवनातलं राजा रविवर्मा कलादालन मिळालं. पालिकेची कलादालनं परवडतात, मात्र अर्ज फार आधी करावा लागतो, अनामत भरावी लागते, आणि भिंतीला खिळा मारायचा नसतो, हे आधी विचारून घ्या. पैशांसाठी आम्ही प्रायोजक घेतला नाही. माजी विद्यार्थ्यांनी ऐपतीप्रमाणे दिले आणि हिशेब सगळ्यांना दाखवला.

सगळ्यांत मोठा वाद झाला तो कुणाची चित्रं लावायची यावरून. बाईंचे काही विद्यार्थी पुढे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात, काही मुंबईला जे.जे.मध्ये गेले, आज नाव कमावून आहेत. काहींचं म्हणणं होतं की त्यांचीच चित्रं दर्शनी लावावीत, प्रमुख पाहुणेही त्यांच्यातलेच असावेत, म्हणजे बाईंनी "घडवलेले" कलाकार दिसतील. हे बोलणाऱ्यांचं मन चांगलं होतं, तरी मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाचं यश चित्रकार झालेल्या मुलांवर मोजायचं, तर बाकीच्या हजारोंचे तास वाया गेले म्हणायचे का? गणिताच्या सरांना कुणी विचारतं का, तुमचे किती विद्यार्थी गणितज्ञ झाले म्हणून? दंतवैद्य मित्र त्या बैठकीत म्हणाला, "दाताचा साचा हातात घेतला की मी अजून आधी कड बघतो." त्यानंतर वाद मिटला. चित्रं इयत्तेप्रमाणे लावली, आणि खाली चित्र काढणारा आज काय करतो ते लिहिलं : शिंपी, बँकेत रोखपाल, परिचारिका, शिल्पकार, गॅस एजन्सी, गृहिणी, वास्तुविशारद.

बाईंनी आम्हाला बाहेरही पुष्कळ नेलं होतं, त्याचा एक कोपरा केला. केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते, जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यातला गोल नंदीमंडप, ही आमची स्केचिंगची ठिकाणं. मंडपाचं गोल छप्पर आणि त्याखालचे चौकोनी खांब काढताना सगळ्यांची भंबेरी उडायची. तिथली स्केचेस फारशी टिकलेली नाहीत, पण जी मिळाली त्यांत एकच खांब तऱ्हेतऱ्हेने वाकडा बघून येणारे लोक खूप वेळ थांबत होते.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. नमुने पुष्कळ मिळाले. त्यात "कलेच्या प्रांतातील दीपस्तंभ", "निःस्वार्थ सेवेचा महामेरू" अशी विशेषणं होती, जी कुठल्याही शिक्षकाच्या नावापुढे चालतील. मी ती सगळी बाजूला ठेवली आणि बाईंनी केलेल्या गोष्टीच फक्त लिहिल्या. त्या कुणाच्या चित्रावर हात फिरवत नसत. रंग आणू न शकणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या कपाटात रंगांच्या बाटल्या असत, आणि त्या कुणी घेतल्या हे वर्गाला कळत नसे. त्यांचा तास दुसऱ्या विषयाला मागितला की त्या ठाम नाही म्हणत. या शेवटच्या वाक्याला सभागृहात टाळ्या पडल्या, आणि त्यात निवृत्त मुख्याध्यापकही होते.

बाईंना आम्ही आधीच सगळं सांगितलं होतं, कारण त्यांना अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी एकच अट घातली. आज शाळांमध्ये काम करणाऱ्या कलाशिक्षकांना बोलवा, आणि पहिल्या रांगेत बसवा. त्या अटीमागचं कारण त्या दिवशी समजलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, असं म्हटलं आहे. आलेल्या तरुण शिक्षकांमध्ये कुणी तासिकेवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, कुणी दोन शाळांमध्ये अर्धा-अर्धा आठवडा, असेच जास्त होते. कला शिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी., करून आलेली एक मुलगी बाईंना म्हणाली की मागे लिहायची कल्पना मी उद्यापासून वापरणार. बाईंनी तिला लगेच विचारलं, "पण तुझ्याकडे एका मुलासाठी वेळ किती असतो?" आणि मग सत्काराचा कार्यक्रम बाजूला राहून त्या दोघींचं वेळेच्या गणितावर बोलणं सुरू झालं : एका तासात सगळी चित्रं बघायची नाहीत, दहाच बघायची, पण नीट बघायची, पुढच्या तासाला पुढची दहा. आसपासचे शिक्षक खुर्च्या ओढून जवळ आले.

प्रदर्शन संपल्यावर सगळी चित्रं ज्याची त्याला पोचवली. स्कॅन केलेल्या प्रतींचा एक संच शाळेला दिला, दप्तरात ठेवण्यासाठी. उरलेल्या पैशांतून आता आम्ही दुसरं काम हाती घेतलं आहे. सेवेत असलेल्या एका कलाशिक्षकांचा राज्य पुरस्कारासाठी प्रस्ताव तयार करतो आहोत. ते पालिकेच्या शाळेत शिकवतात, आणि बाईंसारखेच स्वतःबद्दल लिहायला तयार नसतात. म्हणून ते शिकवतात आणि आम्ही लिहितो. वर्गाचे फोटो पालकांची परवानगी घेऊन तारखेसह जमवतो, मुलांची चित्रं पहिल्या आणि शेवटच्या महिन्यातली जोडीने ठेवतो, आणि प्रत्येक उपक्रमाचा कागद त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या सहीसाठी नेतो, कारण पाच वर्षांनी ती सही मिळवायला कुणी जागेवर नसतं. तुमच्या ओळखीत असे शिक्षक असतील तर हे काम त्यांच्या निवृत्तीची वाट न बघता सुरू करा. फाइल कशी लावायची याचा आमचा नमुना तयार आहे, आणि तो कुणालाही द्यायला आम्ही आनंदाने तयार आहोत.