एकाच फ्लास्कमधल्या पेशी

त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली घ्यायच्या कव्हरस्लिप (पेशी वाढवायच्या पातळ काचा) तीन होत्या, पण तिन्हींवरच्या श्वान पेशी एकाच फ्लास्कमधून काढलेल्या. श्वान पेशी म्हणजे चेतापेशींच्या लांब तंतूंना, ॲक्सॉनना, बिलगून त्यांच्यावर मायलिनचं वेष्टन चढवणाऱ्या आधारपेशी. नवजात उंदरांच्या सायटिक नर्व्हमधून, म्हणजे मागच्या पायाकडे जाणाऱ्या जाड नसेतून मिळवलेल्या, सोबत हमखास घुसणारे फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या पेशी, औषधाने मारलेले. पहिलीवर त्यांच्या जोडीला संवेदी चेतापेशी होत्या, बाकी दोन्हींवर मानेतल्या सिंपथेटिक गँग्लिऑनच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चेतासंस्थेच्या गाठीतल्या. तिसरीवरच्या चेतापेशींमध्ये मात्र विषाणूकरवी टाइप-३ न्यूरेग्युलिन-१ या संकेत देणाऱ्या प्रथिनाचं जनुक जादा घातलं होतं. मीडियम तिन्हींना एकच, व्हिटॅमिन सी घातलेलं. त्याशिवाय श्वान पेशींची बेसल लॅमिना, म्हणजे त्यांच्याबाहेरचा पातळ थर, नीट तयार होत नाही आणि मायलिनचं काम अडतं.

स्टेनिंगमध्ये निम्मा वेळ धुण्यात आणि थांबण्यातच जातो, ते सोडतो. पहिलीवर अपेक्षेप्रमाणे मायलिन बेसिक प्रोटीनचे, म्हणजे मायलिनमधल्याच एका प्रथिनाचे, हिरवे रंगलेले लांबट तुकडे, एकापुढे एक, मध्ये बारीक फटी. एक तुकडा म्हणजे एक पेशी. श्वान पेशी एकाच ॲक्सॉनच्या एकाच टप्प्यावर मायलिन चढवते. दुसरीवर हिरवं काही नाही. निळी केंद्रकं दिसत होती, पेशी ॲक्सॉनना बिलगूनही होत्या, पण वेढे नाहीत. त्यात नवल नव्हतं, शरीरातही बहुतेक सिंपथेटिक ॲक्सॉन मायलिनविनाच असतात.

तिसरी लावली आणि फोकसवरचा हात थांबला. हिरवे तुकडे! असा निकाल २००५ साली प्रसिद्ध झालेला, मला तो तोंडपाठ होता. तरी स्वतःच्या डिशमध्ये दिसणं वेगळंच.

ॲक्सॉनच्या पृष्ठभागावरचं न्यूरेग्युलिन श्वान पेशीच्या एर्बबी२-एर्बबी३ या रिसेप्टर जोडीला भिडतं, आत पीआय-३ कायनेज या एन्झाइमची साखळी सुरू होते. दुसरीकडून सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढलेला असावा लागतो; मग क्रॉक्स-२० हा जनुकांचा नियंत्रक कामाला लागतो आणि मायलिनची जनुकं चालू होतात. गंमत म्हणजे भ्रूणात हेच न्यूरेग्युलिन श्वान पेशींच्या पूर्वपेशींना नुसतं जिवंत ठेवत असतं. पुढे मायलिन किती जाड चढायचं, तेही त्याच्याच प्रमाणावर ठरतं. म्हणून ‘आधारपेशी’ वाचून कुणी त्यांना नुसतं भरताड समजू लागलं की मला राग येतो.

नव्या विद्यार्थिनीने विचारलं, “सर, मग न्यूरेग्युलिन सरळ मीडियममध्येच ओतलं तर?” मी सांगितलं, विरघळलेलं न्यूरेग्युलिन भरपूर दिलं तर मायलिन उलट अडतं, इथे ते ॲक्सॉनच्या पडद्यावर बसलेलंच हवं. तिला काही पटलं नाही. पुढच्या खेपेला चौथी कव्हरस्लिप तिची.