जमैकात उभा ऊस पेटतो, तेव्हा हेक्टरी किती वायू हवेत जातो?

आपल्याकडे पाचट पेटवतात ते तोडणी झाल्यावर. जमैकात उलटं. क्लॅरेन्डनच्या सपाटीवर असो की वेस्टमोरलंडमधल्या फ्रोमला, तिथे आधी उभ्या उसाला काडी लागते आणि मग तोडणीवाले फडात उतरतात. वाळलेली पानं भुर्र जळून जातात, रसाने भरलेलं कांडं टिकतं, शेंड्याचं हिरवं वाढं अर्धवट करपतं. हाताने तोडणाऱ्याला बुडखा स्वच्छ दिसतो, पानांनी हात चिरत नाहीत आणि दिवसभरात कितीतरी जास्त ऊस पडतो. टनावर मजुरी घेणारा माणूस जाळायला विरोध का करेल? म्हणूनच हा नुसता अडाणीपणा आहे असं म्हणणं मला पटत नाही.

हिशेब आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, 2006 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे करायचा. जळालेलं क्षेत्र, हेक्टरी जळून गेलेलं कोरडं वजन आणि किलोमागे निघणारा वायू यांचा गुणाकार. उसासाठी हेक्टरी 6.5 टन धरतात. शेतातल्या अवशेषांच्या ज्वलनात दर किलोमागे 2.7 ग्रॅम मिथेन आणि 0.07 ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघतो. म्हणजे हेक्टरी 17.55 किलो मिथेन आणि 0.455 किलो नायट्रस ऑक्साइड. तापमानवाढीचे गुणांक, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या कितीपट परिणाम, 28 आणि 265 घेतले, तर 491 अधिक 121, मिळून सुमारे 612 किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम.

इथे एक चूक सहज होते. तो 6.5 टनांचा आकडा प्रत्यक्ष जळून गेलेल्या वजनाचा आहे. शेजारच्या तक्त्यात उसासाठी 0.80 हा ज्वलनाचा गुणांक (असलेल्यापैकी किती जळतं तो वाटा) दिसतो, तो पुन्हा लावला की 612 चे 490 होतात. कोणाला पत्ता लागत नाही, कारण आकडा दिसायला ठीकच असतो.

खुद्द कार्बन डायऑक्साइड हेक्टरी जवळजवळ 9.8 टन निघतो, पण तो धरत नाहीत. पुढचा खोडवा तो परत ओढून घेतो. कार्बन मोनॉक्साइड सुमारे 600 किलो निघतो, तोही या बेरजेत नाही. फडाच्या वाऱ्याखाली राहणाऱ्यांच्या छातीत मात्र धूर जातोच.

आता खरी गोम. हिशेबाला 10,000 हेक्टर ऊस धरा. त्यातला दहा टक्के जळाला असं मानलं तर 612 टन, ऐंशी टक्के मानला तर 4,896 टन. आठपट फरक, आणि तो एका गृहीतकावर. वीज आणि ॲल्युमिना कारखान्यांसाठी जमैकात जे इंधन जळतं त्याच्यापुढे दोन्ही आकडे किरकोळच. पण देशाच्या उत्सर्जनाच्या हिशेबात शेतीच्या रकान्यात कपात दाखवायची असेल, तर सुरुवातीचा आकडा असा आठपट हलता ठेवून भागत नाही.

किती ऊस जळाला हे ठरवायला उपग्रहावर फार विसंबू नये. मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या 500 मीटरच्या चौकटीत लहान फड हरवतो. सेंटिनेल-2 हा उपग्रह बारीक पाहतो, पण तो पाच दिवसांनी येतो, त्यात ढग. पेटवलेला ऊस तोवर तुटून गेलेला असतो आणि उघडी, नांगरलेली काळी जमीन जळाल्यासारखीच दिसते. त्यापेक्षा कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोंद भरवशाची: जळीत की हिरवा, एवढा एक रकाना. आपल्याकडे जळीत उसाच्या दरात कपात होते, त्यामुळे कारखान्यात तो वेगळा ओळखला जातो. तिकडेही गाळपाला तो ओळखावाच लागतो, कारण जळीत ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर ल्युकोनोस्टॉक जिवाणू साखरेचं डेक्स्ट्रान करतात, रस चिकट होतो, गाळणं मंदावतं, उतारा पडतो. कारखाना बंद पडला की पेटवलेला फड वाया जातो. वायूही गेला, साखरही गेली.

हेक्टरी वजन स्वतः मोजायचं तर एकाच फडात पेटवण्याआधी आणि नंतर ठरावीक लांबीच्या सरीतलं पाचट गोळा करायचं, वजन बदलेनासं होईपर्यंत 65-70 अंशांवर वाळवायचं आणि फरक काढायचा. दव पडलेलं पाचट धुमसतं, त्यातून मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो, म्हणून ओलावाही लिहून ठेवावा.

न जाळता हिरवी तोड केली की उत्सर्जन शून्य, हेही खरं नाही. पाचटात 0.4 टक्के नत्र धरलं तर 6.5 टनांत 26 किलो. त्यातलं एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपात गेलं तर त्यातल्या ऑक्सिजनचं वजन धरून 0.41 किलो होतं, म्हणजे जाळण्याइतकंच जवळजवळ. वाचतो तो मुख्यतः मिथेन. निव्वळ फायदा हेक्टरी सुमारे 500 किलोंचा, 612 चा नव्हे.

आणि शेतकऱ्याच्या अडचणी खऱ्या आहेत. क्लॅरेन्डनच्या सपाटीवर ऊस पाण्यावर येतो, तिथे सरीत पडलेलं पाचट पाणी अडवतं. भारी, पाणी धरणाऱ्या जमिनीत त्याच्या थराखाली खोडव्याचे फुटवे रखडतात. कुजताना ते सुरुवातीला नत्र ओढतं, म्हणून पहिला नत्राचा हप्ता थोडा वाढवून बुडख्याजवळ मातीत द्यावा. पाचट एकाआड एक सरीत ओढून घेतलं तर मोकळ्या सरीतून पाणी जातं आणि झाकलेल्या सरीत ओल टिकते, तण दबतं. सगळंच उचलून बॉयलरला द्यायचा मोह टाळावा: त्यातल्या पोटॅश आणि क्लोरीनमुळे नळ्यांवर थर बसतो, म्हणून ते बगॅसमध्ये (रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यात) थोडं थोडंच मिसळावं लागतं.