एक जूनवाले

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी चार ओळी द्या, असा फोन आला आणि त्या रात्री झोप काही लागली नाही. शाळेबद्दल लिहा म्हणाले. मला शाळा म्हटलं की बाईच दिसतात. सहली, स्नेहसंमेलनं, कबड्डीची ढाल हे बाकीचे मित्र लिहितीलच. बाई म्हणजे कोण, हे आपल्या संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, हडको वसाहतीत कुणाला सांगायची गरज नाही.

आमचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि मागं मोरी. माणसं पाच. आजोबा 1972 च्या दुष्काळात भोकरदनकडून आलेले. वडील चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी, आई सिडकोतल्या बंगल्यांत धुणीभांडी करायची. घर हप्त्यावर होतं. घराचा हप्ता थकायचा, टपऱ्यांचा हप्ता मात्र भाईकडं वेळेवर पोचायचा. दोन्हीला शब्द एकच, याचं लहानपणी मला हसू यायचं.

माझा मोठा भाऊ, दादा, भाईच्या पोरांत गेला तो गणपतीच्या वर्गणीतून. मग मटक्याच्या चिठ्ठ्या, मग "हे सामान दोन दिवस तुमच्याकडं राहू दे." वडिलांची कंपनी बंद पडली त्या महिन्यात त्यानं गव्हाचं पोतं आणि तेलाचा डबा आणून टाकला. कुठून आणलं, हे वडिलांनी विचारलं नाही, आईनंही नाही. त्या पोळ्या मीही खाल्ल्या. आईबापाचं लक्ष नसतं म्हणून पोरं बिघडतात, असं लोक अजून म्हणतात. लक्ष होतं हो.

ऑगस्ट 1995 मध्ये टीव्ही सेंटरजवळ राडा झाला, एकाच्या पोटात गुप्ती गेली. तो वाचला. भाई पळाला, दादा सापडला. वकील म्हणाला, पोरगं 16 च्या आत असेल तर खटला बाल न्यायालयात चालतो, जेल होत नाही, शाळेचा दाखला आणा. आई मला घेऊन शाळेत आली. मी तेव्हा सातवीत.

बाईंनी जनरल रजिस्टर काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. 1 जून 1979. म्हणजे सोळा पुरी होऊन दोन महिने झालेले.

"बाई, माझं लेकरू पोळ्याच्या करीला झालंय. पोळा अजून यायचाय. तेवढी तारीख फिरवा."

पहिलीत घेताना जूनला सहा वर्षं भरलेली दिसावीत म्हणून निम्म्या शाळेची तारीख 1 जून टाकलेली होती. माझीही तीच. आणि दादाच्या ओळीतलं अक्षर बाईंचंच होतं, जूनच्या उकाराची शेपटी लांब ओढलेली. बाई त्या ओळीकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खाडाखोड मला करता येत नाही. कोर्टानं विचारलं तर अंदाजानं टाकली, असं मी सांगेन."

आणि सांगितलं. नोकरीत असताना, भरल्या कोर्टात. पण गावाकडं जन्माची नोंद नव्हती, कोर्टानं रजिस्टर धरलं आणि दादा हर्सूलच्या जेलात गेला. पुढं 2000 च्या कायद्यानं ती मर्यादा 18 केली. तोवर दादा जेलमधून सुटून तडीपारही झाला होता.

आई दाखल्यासाठी शाळेत आली त्याच आठवड्यात बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायला सुरुवात केली. काम काय, तर हजेरीपटाच्या बेरजा. उभ्या, आडव्या, मग सरासरी. रोज पाच ते सात. बाहेर टपरीवर त्याच वेळेला भाईचा माणूस पोरांना भजी खाऊ घालायचा, वास स्टाफरूमपर्यंत यायचा. दादाची शिक्षा मला का, म्हणून मी मनात चरफडायचो. एकदा सहावी ब ची बेरीज मुद्दाम चुकवली. बाईंनी लाल पेनानं गोल केला, "जुळेपर्यंत ऊठ नको" म्हणाल्या आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. बेरीज जुळली तेव्हा त्यांची सिटी बस गेलेली होती. त्या चालत घरी गेल्या. दहावीनंतर शिपाईमामांनी सांगितलं, तो पट बाई दुपारीच जुळवून ठेवायच्या.

आज वाळूजला माझं वर्कशॉप आहे, 2 सीएनसी मशीन, 14 कामगार. त्यांच्या हजेरीची बेरीज मी हातानं करतो, पोरगा हसतो. दादा रिक्षा चालवतो, जुनं काही काढत नाही. बाईंच्या निरोपसमारंभाला मी आलो नाही, माल पाठवायचा होता. हे कारण लिहितानाही लाज वाटते.

परवा शाळेवरून गेलो. आपल्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवलेत, पोरांनी पडायचं कुठं? टपरी तिथंच आहे. पोरं तलवारीनं केक कापून मोबाइलवर टाकतात, खिशात बटनच्या, म्हणजे नशेच्या, गोळ्या. संध्याकाळी पाचला शाळेचं गेट मात्र कुलूपबंद.

अंकासोबत माहितीचा फॉर्म आलाय, त्यात जन्मतारीख विचारलीय. खरी तारीख आईला माहीत होती, ती आता नाही. 1 जून लिहिलीय. बाईंनी टाकलेली आहे, राहू द्या.